उंबराकडची खोली

दिघीत आमचं घर गल्लीच्या अगदी टोकाला आहे. दोनच खोल्या. पुढची स्लॅबची, तिचं दार थेट गल्लीत उघडतं. मागची पत्र्याची, आणि संडास-बाथरूम तिलाच लागून. मागच्या भिंतीपासून हातभर जागा सोडली की शेजारच्या रिकाम्या प्लॉटचं कंपाउंड, आणि त्या कंपाउंडला पाठ लावून उभा असलेला उंबर. आम्ही जागा घेतली तेव्हा तो होताच. त्याची सावली बघूनच आम्ही मागच्या खोलीवर पत्रे टाकले. म्हटलं, उन्हाळ्यात तापणार नाही.

माझे यजमान चाकणला एका कंपनीत प्रेस मशीनवर होते. आम्ही लातूरकडचे. तिकडे घराजवळच्या झाडाला वर्षातून एकदा तरी कोयता लावावा, नाहीतर ते घरात येतं, असं म्हणतात. हे तसंच करायचे. दिवाळीच्या आधीच्या एखाद्या सुट्टीला कोयता घेऊन पत्र्यावर चढायचे, आमच्या अंगावर आलेल्या बारक्या फांद्या छाटायचे, मधुमालतीचा वेल पत्र्याखाली शिरायला लागला असेल तर ओढून खाली टाकायचे. आधी झाडाच्या मालकिणीला सांगून यायचे. ती गावातलीच म्हातारी. दोन गल्ल्या सोडून तिच्या मुलांची मोठी बिल्डिंग आहे, खोल्या भाड्याने दिलेल्या. आम्ही तिला आजी म्हणायचो. दर गुरुवारी ती तांब्या घेऊन यायची, उंबराच्या बुंध्याला पाणी घालायची, उदबत्ती लावायची आणि भिंतीवरून मला विचारायची, "हाय का गं बरी?"

मग ह्यांना अपघात झाला. दुसरी शिफ्ट सुटून घरी येताना चाकणच्या रस्त्यावर कंटेनरने गाडीला मागून उडवलं. जीव वाचला. कमरेखालचं सगळं बधिर, लुळं झालं.

त्या पुढचे महिने कसे गेले ते मला नीट आठवतही नाही. दवाखाना, मग दुसरा दवाखाना, मग घर. मागच्या खोलीत लोखंडी कॉट टाकली, कारण संडास तिथेच. मी भोसरीत एका वर्कशॉपला कामाला लागले. रबराच्या सीलची जादा कड ब्लेडने कापून काढायची, मोजून पिशवीत भरायची. सकाळी ह्यांचं सगळं आवरून, उशाशी पाणी आणि डबा ठेवून निघायचे. दुपारी समोरची शेजारीण एक चक्कर मारायची. आमची एकुलती लेक थेरगावला दिलेली. तिला स्वतःचं तान्हं होतं, तरी रविवारी यायची.

झाडाकडे कोण बघणार? पहिली दिवाळी तशीच गेली. दुसरीही.

उंबर काय वाढतो, हे ज्याच्या घराला लागून तो आहे त्यालाच कळतं. मनगटाएवढ्या होत्या त्या फांद्या मांडीएवढ्या झाल्या आणि पत्र्यावर आडव्या पडून राहिल्या. वारा आला की पत्र्यावर अशा घासायच्या, की वर कुणी तरी पोतं ओढत चाललंय. मधुमालती पत्र्याच्या फटीतून आत आली, तिच्या पिवळट कोंबांना ऊन माहीतच नव्हतं, ते ह्यांच्या कॉटच्या वर लोंबायला लागले. फळं पिकली की सड्यासारखी पडायची, पत्र्यावर, बोळात, पन्हळीत. त्यावर चिलटं. ती चिलटं ह्यांच्या डोळ्यांवर बसायची, जखमेवर बसायची. पाठीला पडून पडून जखम झालेली. डॉक्टर सांगायचे, कोरडं ठेवा, उजेड, वारा येऊ द्या. त्या खोलीची एकच खिडकी, ती उंबराकडे. उघडली की पानं आत यायची. दुपारी बारालाही बल्ब लावायला लागायचा.

"पुढच्या खोलीत घेऊ या तुम्हाला," मी कितीदा म्हटलं. "भांडं देईन मी कॉटवर. काय त्यात?"

"पुढच्या खोलीत?" हे म्हणायचे. "दारात पडून राहू? येणारा-जाणारा बघेल, बघा, ह्याचं काय झालं. नको. इथंच बरा आहे मी."

हे वाक्य बोलून झालं की तोंड भिंतीकडे. त्या भिंतीला तडा गेला होता, खालून वर, केसाएवढा. दुसऱ्या पावसाळ्यात त्यात बोटाचं टोक जायला लागलं.

आणि मग बाथरूम तुंबलं.

पहिल्यांदा वाटलं काही तरी अडकलं असेल. प्लंबर आला, चेंबरचं झाकण उघडलं, आणि त्याने आतून ओढून काढलं ते बघून मी मागे सरले. बारीक, तांबूस मुळ्या, एकमेकींत गुंतलेल्या, न विंचरलेल्या केसांच्या जटेसारख्या, आणि त्यात अडकलेली आमची घाण. त्याने कापून काढल्या, पाणी वाहायला लागलं. महिन्याने परत तेच. मग पंधरा दिवसांनी. पाऊस जोरात झाला की संडासाच्या भांड्यातून पाणी वर यायचं, उंबरठ्यावरून खोलीत, कॉटच्या पायांपर्यंत. मी कामावरून यायचे तर हे त्या वासात पडलेले असायचे. हाक मारायचे नाहीत, कुणाला बोलवायचे नाहीत. मी साडी खोचायची, डबडं घ्यायचं, उपसायला लागायचं. उपसता उपसता एकदा मी मोठ्याने रडले तर हे एवढंच म्हणाले, "मी मेलो असतो तर तुला एवढं करायला लागलं नसतं."

मी डबडं तिथेच टाकलं आणि ओरडले, "तुम्ही गप्प बसा! आधीच नाकातोंडात घाण, त्यात हे नका बोलू!" मग परत उपसायला लागले. दुसरं काय करणार होते?

झाडं तोडणारे शोधले. काळेवाडीकडचे दोघं आले, दोर-करवत घेऊन, टेम्पोतून. भिंतीवरून वाकून बघितलं. एकाने चप्पल काढली, हात जोडले आणि मला म्हणाला, "वहिनी, उंबर हाय हा. आधी सांगितलं न्हाई तुमी. दत्ताचं झाड. आमी हात न्हाई लावत."

"अहो दादा, पूर्ण नका तोडू. घरावरच्या फांद्या तेवढ्या काढा. माणूस झोपलाय खाली."

"माझ्या चुलत्यानं लावली होती कुऱ्हाड उंबराला. सांगत बसत न्हाई काय झालं ते. दुसरा बघा कुणीतरी."

नंतर आलेला दुसराही तेच म्हणाला. तिसरा तयार होता, पण त्याला परवानगीचा कागद पाहिजे होता. म्हणून मी एक दिवस सुट्टी टाकून महापालिकेच्या झाडांच्या ऑफिसात गेले. तिथले साहेब काही वाईट नव्हते. स्वतः येऊन बघून गेले, ह्यांच्या खोलीतही डोकावले. मग बाहेर येऊन मला म्हणाले, "ताई, बुंधा तुमच्या जागेत नाही. ज्यांचं झाड आहे त्यांची संमती आणा, लगेच फांद्या उतरवायला देतो. त्याशिवाय माझे हात बांधलेले आहेत."

मी आजीकडे गेले. ती बिल्डिंगखाली पायरीवर लसूण सोलत बसली होती. सगळं ऐकून घेतलं. मान हलवत राहिली.

"बारकं-सारकं तुझा नवरा काढायचा, तवा मी काय म्हनली का?" ती म्हणाली. "पर तू म्हंतीस त्या मोठ्या फांद्या. फांदी म्हंजी हातच की गं त्येचा. न्हाई जमायचं."

"आजी, माझ्या घरात घाण येते."

"पाईप बदल."

"पाईप बदलला तरी मुळ्या येणारच ना? आणि वरच्या फांद्या? वादळात पडल्या तर?"

"इतकी वर्सं न्हाई पडला त्यो." तिने लसणाची पाकळी ताटात टाकली. मग जरा थांबून म्हणाली, "बाई, हितं समदी आमची जिमीन व्हती. समदी इकली. तू ऱ्हातीस ती बी. ह्यो झाडाचा तुकडा तेवढा ऱ्हायला. तिथं हीर व्हती आमची, उंबराखाली. ती बी बुजवली पोरांनी. बुजवली त्या दिशी मी त्या झाडाला शबुद दिलाय, तुला कुनाला हात लावू देनार न्हाई म्हनून. आता ह्या वयात मोडू व्हय?"

तिचे मुलगे जिन्यात उभे होते. त्यांनीही हात वर केले. "आईचं आहे ते, आम्ही नाही पडत त्यात," थोरला म्हणाला.

मी घरी आले. मला काही सुचत नव्हतं. घर विकायचं तर घेणार कोण, भिंतीचा तडा बघून? भाड्याने जायचं तर ह्यांना घेऊन कुठल्या जिन्यावरून जायचं? माहेर नाही, सासर नाही, जे काही आहे ते हेच दोन खोल्यांचं. मला त्या दिवसांत झाडाचा इतका राग यायचा की वर्कशॉपमध्ये रबराची कड कापताना ब्लेड बोटात शिरायचं.

तिथेच कामावरच्या एकीने सांगितलं, "अगं, परवानगी बिरवानगी काय? बुंध्याला भोक पाड, ॲसिड ओत. दोन महिन्यांत वाळतं. कुणाला कळत नाही."

मी दुकानातून संडास धुवायच्या ॲसिडच्या बाटल्या आणल्या. ह्यांच्याच पेटीतलं गिरमिट काढलं, लाकडाला भोक पाडायचं. हे बघत होते.

"काय करतेस?"

"काही नाही."

"वाळलेलं झाड उभं राहतं गं," हे शांतपणे म्हणाले. "मग ते कधी पण पडतं. हिरवं आहे तोवर तरी वाकतं."

मला ते कळत नव्हतं असं नाही. पण काहीही न करता बसणं मला शक्य नव्हतं. कंपाउंड एके ठिकाणी ढासळलं होतं, तिथून मी पलीकडे गेले. संध्याकाळ होत आली होती. प्लॉटवर घाणेरी आणि रानटी एरंड कमरेएवढा माजलेला. ते बाजूला करत बुंध्यापाशी पोचले तर पलीकडून आजी येत होती, हातात तांब्या, उदबत्तीचा पुडा. गुरुवार होता, हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

तिने माझ्या हातातली बाटली बघितली.

"काय हाय त्यात?"

"ॲसिड आहे, आजी," मी म्हटलं. खोटं बोलायचं त्राणही नव्हतं.

शिव्या देईल, ओरडून माणसं गोळा करेल, असं मला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते. तिने तांब्या खाली ठेवला आणि बुंध्याला हात लावून उभी राहिली. माझंच सगळं बाहेर आलं. "तुम्ही इथं पाणी घालता ना, ते कुठं जातं माहितीय का तुम्हाला? चला. चला माझ्याबरोबर. एकदा बघा. मग मला खुशाल पोलिसात द्या."

तिला काय वाटलं कुणास ठाऊक, ती आली. त्या पडक्या भिंतीवरून मी तिला हात धरून उतरवलं. मागच्या खोलीत आणलं. बल्ब लावला. त्या दिवशी पाणी आलं नव्हतं, पण फरशी उखडलेली, वास मुरलेला. वरून मधुमालतीचे कोंब लोंबत होते. ह्यांनी तिला बघितलं आणि चादर छातीपर्यंत ओढून घेतली.

आजी कॉटजवळ गेली. "लेकरा," ती म्हणाली, "किती दिस झालं रं असं?"

ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मग भिंतीच्या तड्यात तिने बोट घातलं. तड्यातून एक मूळ बाहेर डोकावत होतं, पांढरं, दोऱ्यासारखं.

"हीर बुजवली," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "आता झाड पान्यामागं हितवर आलंया."

"आजी, संमती द्या," मी म्हटलं. "तुमच्या पाया पडते."

"बघते," म्हणाली आणि गेली. तांब्या तिथेच झाडाखाली राहिला होता. दुसऱ्या दिवशी तो भरलेला तसाच दिसला. पुढच्या गुरुवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी दोनदा बिल्डिंगवर जाऊन आले. "आईला बरं नाही," एवढंच सांगून सुनेने दार लावलं.

बाटल्या माझ्या मोरीत तशाच होत्या. ओतायचं बळ मात्र आता माझ्यात उरलं नव्हतं.

परतीचा पाऊस सुरू झाला होता. दुपारभर उकडायचं आणि चार वाजले की आळंदीकडून काळं यायचं. त्या दिवशीही तसंच आलं, पण वारा भलताच. वर्कशॉपचे पत्रे उडतात की काय असं झालं, लाइट गेली. तेवढ्यात समोरच्या शेजारणीचा फोन.

"वहिनी, लवकर या. उंबर पडला."

मला पुढचं ऐकूच आलं नाही. तशीच बाहेर पडले. शेअर रिक्षा मिळाली, पण दिघी रोडला पाणी साचून सगळं जाम. मी उतरले आणि चालायला, मग पळायला लागले. चप्पल कुठे तरी पाण्यात गेली. मनात एकच, की सकाळी निघताना ह्यांच्याशी नीट बोलले नव्हते. पाणी ठेवलं, डबा ठेवला, निघाले.

गल्लीत माणसं जमलेली. झाड उभंच होतं. त्याची मोठी फांदी, पत्र्यावर आडवी पडून होती तीच, बुंध्यापासून फाटून खाली आली होती आणि पत्रे घेऊन खोलीत शिरली होती. मधलं दार उघडत नव्हतं. पलीकडून फांदीने दाबून धरलं होतं. शेजारचे दोघं-तिघं खांदा लावून ढकलत होते.

"अहो!" मी दाराला तोंड लावून ओरडले. "अहो, ऐकताय का?"

काही नाही. नुसता पावसाचा आवाज, बाहेर पडतो तसा, आमच्या खोलीत.

"अहो!"

"आहे मी," आतून आवाज आला. अगदी साधा. जसं कुणी बाजारातून येऊन सांगावं.

दाराची वरची फळी तोडली, मी त्यातून आत घुसले. सगळी खोली पानांनी भरलेली, हिरवीगार. चिकाचा आणि फुटलेल्या फळांचा वास. पत्रा एका खिळ्यावर लोंबत होता. हे कॉटवर, तोंडावर पाणी पडतंय, डोळे उघडे. आणि मांडीएवढी ती फांदी त्यांच्या दोन्ही पायांवर आडवी.

"दुखतंय का?" मी विचारलं. तोंडातून निघून गेलं.

हे माझ्याकडे बघत राहिले. "मला कुठलं दुखायला?" म्हणाले.

चार जणांनी मिळून फांदी उचलली. उजव्या पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. दवाखान्यात प्लास्टर घातलं. तिथे, लेक चहा आणायला खाली गेली असताना, ह्यांनी मला जवळ बोलावलं.

"आवाज आधी आला," हे म्हणाले. "कडकड करत. मला कळलं की फांदी आता येणार. हातांवर जोर देऊन कडेला सरकता आलं असतं. खाली पडलो असतो, पण सुटलो असतो."

मी त्यांचं पांघरूण सारखं केलं.

"मी सरकलो नाही. डोळे मिटून घेतले. म्हटलं, सुटलीस बिचारी तू." मग ह्यांच्या चेहऱ्यावर काही तरी आलं, हसू म्हणावं तर हसू नाही. "तर फांदी पायांवर पडली. तिथं पण नेम चुकला."

मी त्यांचा हात धरला, इतका घट्ट की माझीच बोटं दुखायला लागली. लेक चहा घेऊन आली आणि आम्हा दोघांकडे बघून दारातच थांबली. तिला आम्ही काही सांगितलं नाही. पण डॉक्टरांना मी सांगितलं, बाहेर कॉरिडॉरमध्ये गाठून, जे हे बोलले ते शब्द न गाळता. त्यांनी मनाच्या एका डॉक्टरांना बोलावलं, त्या ह्यांच्याशी बराच वेळ बोलल्या. नंतरही त्यांच्याकडे जात राहिलो. मी त्या दिवशी लाजून गप्प बसले नाही, एवढं एक बरं झालं.

दवाखान्यातून मी कपडे घ्यायला घरी आले तर आजी माझ्या दारात बसली होती. बरं नव्हतं हे खरंच होतं, चेहरा उतरलेला. हातात कोयता. मागे तिचे दोघं मुलगे आणि दोन मजूर.

"ऑफिसात सही करून आले मी," ती म्हणाली. "चल."

झाडाखाली तिने हळदकुंकू वाहिलं. बुंध्याला डोकं टेकवून बराच वेळ काही तरी पुटपुटली. मजूर तसेच उभे, कुणी पुढे होईना. मग तिनेच कोयता उचलला आणि खालच्या एका फांदीवर घातला. वार कसला, खरवडल्यासारखंच झालं, पण पांढरा चीक आला, तिच्या बोटांवर ओघळला. तिने तो पदराला पुसला नाही.

"आता काढा," ती मजुरांना म्हणाली. "हिच्या घरावर हाय त्येवढं समदं. बुंधा ठिवा."

सगळा दिवस ती प्लास्टिकच्या खुर्चीत बसून होती. मी चहा नेला तर घेतला नाही. भाकरी दिली तर मान हलवली. करवत चालायची तेव्हा डोळे मिटायची. संध्याकाळी आमच्या बाजूला आकाश मोकळं झालं होतं, झाड एका अंगाने बोडकं. मी तिच्या पाया पडायला वाकले.

तिने पाय मागे घेतले. "नगं," म्हणाली. "तू काय चुकली न्हाईस. पर आता माझ्याकडं येत जाऊ नगंस. तुला बघितलं की मला ह्ये आठवंल."

मी गेले नाही. ती गुरुवारी येते, पण आता प्लॉटच्या पलीकडच्या अंगाने, भिंतीपासून लांब उभी राहून पाणी घालते. भिंतीवरून कुणी विचारत नाही, हाय का गं बरी. मला त्याचं वाईट वाटतं. तिच्यामुळे माझं घर वाचलं, आणि माझ्यामुळे तिचा शब्द गेला.

मागची भिंत पाडायला लागली. ड्रेनेजची लाइन पुढून घेतली, गल्लीतून. खोली अजून अर्धीच बांधून झाली आहे, मुळं अडवायला झाड आणि भिंतीच्या मध्ये काँक्रीट घालायचं राहिलंय. त्यामुळे ह्यांना पुढच्या खोलीत घ्यावंच लागलं. थेरगावहून जावई आला, त्याने आणि शेजाऱ्यांनी कॉट उचलून आणली. दाराच्या बरोबर समोरच ती बसली, दुसरीकडे जागाच नव्हती. पहिले कितीतरी दिवस हे तोंडावर टॉवेल टाकून पडायचे. मी दाराला पडदा लावला. पडदा वाऱ्याने उडायचा, गल्लीतलं पोरगं डोकावायचं, हे टॉवेल अजून खाली ओढायचे. जेवण टाकायचे. मला वाटायचं, झाड काढून काय मिळवलं? माणूस तसाच आहे. उजेडात आणून ठेवलाय, एवढंच.

परवा मी भांडी घासत होते. गल्लीत पाण्याचा टँकर मागे घेत होता कुणी तरी, आमची गल्ली अरुंद, टोकाला वळायला जागा नाही. इंजिनचा आवाज अगदी दारात आला. आणि अचानक माझ्या पाठीमागून एवढा मोठा आवाज निघाला की माझ्या हातातलं पातेलं पडलं.

"ए भावा! थांब, थांब! भिंत आहे मागं! पुढं घे जरा. स्टेअरिंग डावीकडं तोड. अजून. अजून... ये आता मागं. ये, ये, ये... बास!"

कंपनीत मशीनच्या आवाजावरून ओरडायचे तसला आवाज. टॉवेल खाली पडला होता, हे दोन्ही कोपरांवर उठून दारातून बघत होते. ड्रायव्हरने खिडकीतून हात काढला. "थँक्यू, काका!"

"आधी बघायचं ना राव मागं," हे म्हणाले, आणि दमून परत उशीवर पडले.

मी पातेलं उचललं, विसळलं. त्या संध्याकाळीही ह्यांनी अर्धीच भाकरी खाल्ली, आणि मी जास्त आग्रह केला नाही. पडदा तेवढा काढून ठेवला.